ध्रुवीय विषयात पीएचडी करताय? या चुका टाळा

ध्रुवीय विषयात पीएचडी करतोय म्हटलं की दादरच्या मावशीपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे एकच विचारतात, "अंटार्क्टिकाला कधी जाणार?" उत्तर आपल्यालाही माहीत नसतं, तरी प्रबंधाचा आराखडा त्या सफरीवरच उभा करतो. पहिली चूक हीच. मोहीम गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र काढतं. प्रस्ताव मंजूर झाला तरी वैद्यकीय तपासणी आणि बर्फातलं प्रशिक्षण बाकी असतं. अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री किंवा भारती स्थानकावरचा उन्हाळी हंगाम हुकला की वर्ष गेलं, आणि यूजीसीची मुदत ६ वर्षांची. निदान दोन प्रकरणं तरी उपग्रहांच्या फुकट नोंदींवर, घरबसल्या होतील अशी आखा.

पण खरे खड्डे या फुकटच्या नोंदींतच आहेत. समुद्री बर्फाच्या जुन्या फाइलींत २५ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा असतो. ० ते २५० म्हणजे बर्फाचं प्रमाण, २५० ने भागायचं. त्यापुढचे आकडे म्हणजे नुसत्या खुणा: २५१ ध्रुवाभोवतीचं उपग्रहाला न दिसलेलं वर्तुळ, २५३ किनारा, २५४ जमीन, २५५ नोंदच नाही. मी सगळं सरसकट भागलं आणि बेरीज बघून रात्री एक वाजता खूश झालो. सकाळी सरांनी नकाशा पाहिला. "सायबेरिया कधी बुडाला?" एवढंच म्हणाले. आधी खुणा गाळा, मगच बेरीज.

याच मालिकेत डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ मध्ये एक मोठं भगदाड आहे. तिथे शून्य भरलंत तर आलेखात बर्फ वितळतो, प्रत्यक्षात नाही. 'व्याप्ती' आणि 'क्षेत्रफळ' यांचीही खिचडी करू नका. व्याप्तीत १५ टक्के बर्फ असलेला चौकोनही पूर्ण धरतात, क्षेत्रफळात त्यातला बर्फ तेवढाच. आणि दक्षिणेचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, तेव्हा जानेवारी ते डिसेंबर अशी सरासरी काढली की तो मधोमध तुटतो. मे महिन्यात घामाघूम होणाऱ्या आपल्याला हे पटकन सुचत नाही.

शेवटची चूक म्हणजे जवळचं सोडून लांब शोधणं. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्रामच्या त्रासामुळे १९०४ साली अलिबागला गेली. तिचा वारसा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेलला आहे आणि ती मैत्रीवरही नोंदी घेते. सहमार्गदर्शक हवा असेल तर आधी हार्बर लाइन पकडा. फक्त वेळ ठरवून जा.