गंज दिसतो एकीकडे, पाणी शिरतं दुसरीकडे: १९७०च्या शेव्हेलचं घरच्या गॅरेजमधलं पत्राकाम

मागच्या उजव्या चाकाच्या पाठीमागे तळहाताएवढं भोक होतं. बाकी गाडी धडधाकट दिसत होती. १९७० सालची शेव्हरले शेव्हेल मालिबू, दोन दारांची, ३५० क्युबिक इंचांचं म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. वाटलं, एवढा तुकडा कापायचा, नवा पत्रा लावायचा, दोन-तीन शनिवार-रविवारचं काम आहे. त्या भोकापायी अडीच वर्षं गॅरेजमध्ये गेली. पत्र्याबद्दल आज मला जे काही कळतं, ते त्याचाच माग काढताना कळलं.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. इथल्या मराठी मंडळातली तरुण मुलं हल्ली विचारतात, "काका, आम्हालाही एखादी जुनी गाडी घ्यायची आहे, कुठून सुरुवात करू?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मला हे मसल कारचं वेड लागलं डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर. तिथे १९९५पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून दिवसभर बसलो होतो. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत बसवलेलं भलंमोठं इंजिन. १९६४च्या पॉन्टियाक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं बहुतेक जण मानतात. तिच्यात ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन होतं. मध्यम गाडीत ४०० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. तो १९७०ला उठला आणि शेव्हेलला ४५४ मिळालं. म्हणून १९७०च्या शेव्हेलला आज एवढा भाव आहे, आणि म्हणूनच तिच्या खरेदीत फसवणूकही भरपूर होते.

त्यामुळे गाडी बघायला जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १९७०मध्ये 'एसएस' (सुपर स्पोर्ट, शेव्हेलचं ताकदवान रूप) हे वेगळं मॉडेल नव्हतं, जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. गाडीचा कारखान्यातला क्रमांक (व्हीआयएन) १३६३७ने सुरू होत असेल तर त्यावरून एवढंच कळतं, की ती व्ही-८ असलेली दोन दारांची हार्डटॉप (दोन काचांमध्ये खांब नसलेली) आहे. साधी मालिबू आणि एसएस, दोन्हींचा क्रमांक असाच सुरू होतो. खरा पुरावा म्हणजे कारखान्यातला बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी असलेला कागद. तो बरेचदा पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटलेला सापडतो. कागद नसेल तर साध्या मालिबूचीच किंमत द्या. पहिली गाडी म्हणून साधी मालिबूच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पत्रा तोच, सांगाडा तोच, आणि हात चुकला तर जीव तेवढा हळहळत नाही.

आता गंजाकडे येतो. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठच टाकतात. त्यामुळे इथल्या जुन्या गाडीला गंज असणारच. नवा माणूस डोळ्यांना दिसणाऱ्या भोकावर तुटून पडतो. मीही ग्राइंडर हातात घेतला होता. तेवढ्यात शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. त्यांचं आयुष्य बॉडी शॉपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या पत्राकामात गेलेलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठून येतंय ते बघितलंस का?"

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. डिकीतला गालिचा काढला, तळ कोरडा पुसला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मागच्या काचेच्या वरच्या कडेला बागेचा पाइप धरला. धार बारीक, फवारा नाही. मी डिकीत टॉर्च घेऊन आडवा झालो. चार-पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक थेंब ओघळला. पावडरीत एक बारीक करडी रेघ उमटली आणि ती तळावरून घरंगळत चाकामागच्या खोलगट कप्प्यात गेली. भोक बरोबर त्याच्या बाहेरच्या बाजूला होतं.

त्या काचेभोवती स्टीलची चकचकीत पट्टी असते. तिच्या क्लिपा पत्र्यावर वेल्ड केलेल्या बारीक खुंट्यांवर बसतात. पट्टीखाली कचरा आणि ओल साचते, आणि खुंट्यांच्या मुळाशी पत्रा खायला सुरुवात होते. टपावर व्हायनिलचं (रेक्झिनसारखं) आवरण असेल तर आणखी वाईट. तिथून पाणी डिकीत, डिकीतून बाजूच्या कप्प्यात, आणि तिथे ते वर्षानुवर्षं बसून बाहेरचा पत्रा आतून पोखरतं. म्हणजे चाकामागचं भोक हे त्या प्रवासाचं शेवटचं टोक. मी नुसतं तेवढंच बुजवलं असतं तर नवा पत्राही आतून तसाच गेला असता. पट्टी उचकटली तेव्हा काचेच्या खोबणीत स्क्रू-ड्रायव्हर सहज आरपार गेला.

म्हणून कामाचा क्रम पाण्याच्या वाटेने लावा: आधी काचेची खोबण, मग डिकीचा तळ, आणि शेवटी बाहेरचा पत्रा. त्याच्याही आधी एक काम आहे. शेव्हेलचा सांगाडा वेगळा आणि बॉडी त्यावर रबरी गुटक्यांवर बसलेली असते. पन्नास वर्षांत ते रबर दबून गेलेलं असतं, बॉडी एका बाजूला बसलेली असते, दाराच्या फटी वाकड्या झालेल्या असतात. गुटके न बदलता पत्रा जोडलात तर तो वाकडेपणा कायमचा वेल्ड होतो. गाडी सांगाड्यावरच टेकवून समपातळीत आणा, गुटके बदला, दाराच्या आणि डिकीच्या फटी मोजून लिहून ठेवा. ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. दाराच्या चौकटीत नळीचा आडवा आधार ठोका. आणि दोन्ही बाजू एकदम कधीही कापू नका, कारण काही शंका आली तर माप घ्यायला दुसरी बाजू शाबूत हवी.

हत्यारांवर सुरुवातीला फार पैसे घालू नका. गॅसवर चालणारं छोटं मिग वेल्डिंग मशीन, ०.६ मिलिमीटरची तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. पातळ पत्र्याला घरचा साधा प्लग पुरतो. बिनगॅसची तार घेऊ नका, ती पत्रा जाळते. साडेचार इंची ग्राइंडर, पत्रा कापायच्या तीन कात्र्या (लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ), हातोड्या, हातात मावतील अशा दोन-तीन लोखंडी डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचे ठोकळे), वाळूची चामडी पिशवी आणि जमतील तेवढे क्लॅम्प. एवढ्यावर माझं नव्वद टक्के काम झालं. पत्रा आकसवायचं आणि ताणायचं हाताचं यंत्र मी पुढच्या वर्षी घेतलं, आणि ते मात्र आधी घ्यायला हवं होतं.

सुरक्षेबद्दल तीन गोष्टी सांगतो, त्या हलक्यात घेऊ नका. पहिली: पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरून लगेच वेल्डिंग करू नका. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्याच्या वाफेचा फॉस्जीन होतो. हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू आहे. ॲसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि बाटली लांब ठेवा. दुसरी: जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. आधी मुलामा घासून काढा. तिसरी आगीची: पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढा, जवळपासचे गालिचे आणि फोम काढा, आणि शेवटचा टाका मारल्यावर निदान अर्धा तास गॅरेजमध्येच थांबा. मी या वेळात झाडलोट करतो.

आता खरं काम. बाजारात शेव्हेलचे जवळजवळ सगळे पत्रे नवे मिळतात आणि डिकीचा तळ मी तयारच घेतला. पण काचेच्या खोबणीचा कोपरा मी घरी केला, आणि प्रत्येकाने एक तरी तुकडा स्वतः करावा असं मला वाटतं. सिरियलच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, खोबणीत दाबून कात्रीने छाटत छाटत तंतोतंत बसवला. तो २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर ठेवून आखला. सरळ घड्या दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा पकडून हातोडीने पाडल्या. कोपऱ्याला मात्र घडी वळणावरून जाते. तिथे आतली कड गोळा होते, तिला आकसवावं लागतं. बाहेरची कड ताणली जाते, नाहीतर फाटते. एक-एक सूत पुढे जायचं, बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा ठोकायचं. पहिला तुकडा फाटला. दुसरा बसला, पण काचेला टेकला. तिसरा बरोबर आला, आणि त्या रात्री मी बायकोला गॅरेजमध्ये बोलावून तो दाखवला.

ठोकताना मला सारखी पुण्याची तांबट आळी आठवायची. लहानपणी कसब्यातून जाताना तो एकसुरी ठणठणाट ऐकू यायचा. तांब्याच्या भांड्यावर एकाशेजारी एक, सारख्या वजनाचे ठोके घालून ते मठारतात. त्या ठोक्यांनी भांड्याला चमक येते आणि धातू कडकही होतो. तेव्हा ती मला नक्षी वाटायची. चाळीस वर्षांनी मिशिगनमध्ये हातात डॉली धरल्यावर कळलं, की पत्रा सरळ करणंही मठारणंच आहे. जोर मनगटातून, ठोका हलका, आणि एका जागी दोनदा नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक बाहेरच्या पत्र्यावर झाली. तुकडा छान बसला होता, टाके घातले होते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत संपवावं म्हणून मी एका दमात तीन इंच वेल्ड ओढली. थंड होताना पत्रा 'टक्' वाजला. हात फिरवला तर मधोमध पोट सुटलेलं. अंगठ्याने दाबलं की डब्याच्या झाकणासारखं 'डुबुक' करून आत, सोडलं की बाहेर. वेल्ड थंड होताना आकसते आणि शेजारचा पत्रा ओढून घेते. ती ओढ कुठेतरी जायलाच हवी, म्हणून पत्रा फुगतो. नव्या माणसाला वाटतं पत्रा ताणला गेलाय आणि तो फुगवटा ठोकत सुटतो. मीही ठोकला, त्याने आणखी बिघडलं. ताणायची असते ती आकसलेली वेल्ड.

आता मी असं करतो. दोन पत्रे एकमेकांवर न चढवता कडेला कड भिडवतो, कारण चढवलेल्या जोडात ओल अडकते. मध्ये तारेच्या जाडीएवढी फट. एक टाका इथे, पुढचा जोडाच्या दुसऱ्या टोकाकडे. टाका हाताला थंड लागला की त्याचं डोकं घासून सपाट करतो, मागे डॉली धरून त्यावर दोन-तीन ठोके देतो, मगच पुढचा. चौदा इंचांच्या जोडाला एक अख्खा रविवार जातो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कारखान्यातले स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके) काढताना फक्त वरच्या पत्र्यापुरतंच भोक पाडा, खालचा शाबूत राहू द्या. परत जोडताना नव्या पत्र्याला ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरा. मधल्या बंद होणाऱ्या जागी जस्ताचा प्रायमर, बाहेर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि पोकळ्यांमध्ये मेण फवारा. लांबी (म्हणजे पुट्टी) भरायला मला अजिबात लाज वाटत नाही. एक-दोन मिलिमीटर जाडीची लांबी बहुतेक चांगल्या गाड्यांवर असते. गंजावर भरलेली लांबी मात्र फसवणूक आहे. माझ्या गाडीवर कुणीतरी तशी भरली होती, बोटभर जाड, आणि ती काढताना खाली वर्तमानपत्राचा बोळा सापडला.

रंगाबद्दल लिहीत नाही, तो मी बाहेरून करून घेतला. इंजिनाला तर अजून हात लावलेला नाही.

गेल्या महिन्यात काच बसवली. पट्टी लावायच्या आधी डिकीचा तळ पुसला, टाल्कम पावडर भुरभुरली, आणि शेजारच्या आजोबांना पाइप धरायला बोलावलं. मी आत आडवा झालो. वीस मिनिटं त्यांनी धार धरली. काचेच्या चारही कोपऱ्यांवर टॉर्च फिरवत राहिलो, आणि पावडर जशी टाकली होती तशीच पांढरी, कोरडी होती. त्यांनी बाहेरून पत्र्यावर टकटक केलं आणि विचारलं, आता पुढची काच बघायची का?