दारू सोडवायची गोळी: या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडकडच्या कितीतरी घरांत पगाराच्या दिवशी पोटात गोळा येतो. मग बायको किंवा आई मेडिकलमध्ये हळूच विचारते, ‘भाजीत कालवून देता येईल असं काही आहे का?’ तिची तळमळ खरी आहे, पण सगळ्यात घातक चूक हीच.

दारू सोडवायला दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. शरीरात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते ही गोळी पुढे मोडू देत नाही. ते साचलं की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी घसरतं. हृदयरोग असेल तर जिवावर बेततं. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो पिणारच! म्हणून पिणाऱ्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं, लिव्हर-हृदय तपासून आणि शेवटच्या घोटानंतर किमान 12 तासांनीच डॉक्टर ती सुरू करतात.

‘शनिवारी लग्न आहे, दोन दिवस गोळी नको,’ हेही चालत नाही. असर 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. आणि आपल्या नाशिकचा लाडका समज, वाईन म्हणजे द्राक्षाचा रस! वाईन दारूच आहे. द्राक्षासवासारख्या आसव-अरिष्टांत आणि खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, लेबल वाचा. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल मनानं घेऊ नका. डायसल्फिरामसोबत ती घेतल्यास भ्रम होऊ शकतो.

नाल्ट्रेक्सोन ही गोळी वेगळी, ती पिण्याची ओढ कमी करते. पण ब्राउन शुगर (हेरॉइन) किंवा ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीची सवय असेल तर 7 ते 10 दिवस नशा पूर्ण बंद असल्याशिवाय ती घेऊ नका, नाहीतर विड्रॉल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, एकदम उसळतो. नाल्ट्रेक्सोन सुटल्यावर जुन्या मापानं नशा केली तर श्वास थांबू शकतो. ही गोष्ट घरच्यांनाही माहीत हवी.

ब्राउन शुगरसारखी नशा सोडवायला दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळू द्या. गिळलीत तर फारसा उपयोग नाही. तिच्यावर दारू किंवा झोपेची गोळी तर नकोच.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात थरथरतात, फिट येते, दोन-तीन दिवसांत भास सुरू होतात. आधी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

डायसल्फिरामच्या गोळीवर दारू प्यायली गेलीच, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. 108 लावा आणि गोळ्यांची स्ट्रिप सोबत घ्या.