वर्कशीट बनवताना आधी चुकीची उत्तरं लिहा

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी रात्री जागून वर्कशीट बनवायचे. छान चौकटी, चित्रं आणि पंचवीस रिकाम्या जागा. मुलं दहा मिनिटांत भरून द्यायची आणि जवळपास सगळं बरोबर असायचं. मग चाचणीत तीच मुलं अडायची. कारण उशिरा लक्षात आलं. वाक्यं मी धड्यातून जशीच्या तशी उचलली होती, आणि मुलं नुसता गाळलेला शब्द हुडकत होती.

आता प्रश्न लिहिण्याआधी मी स्वतःला विचारते, इथे मूल काय चुकेल? गणितात याचा फार उपयोग होतो. ५७ − २२ दिलं तर हातचा कळला की नाही ते दिसतच नाही. ५२ − २७ द्या. उत्तर ३५ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. दशांशातही तसंच. ०.४ आणि ०.६२ यांतला मोठा कोणता, याचं उत्तर ‘६२ मोठे म्हणून’ असं समजणारं मूलही बरोबर देतं. ०.५ आणि ०.३५ दिलं की ते सापडतं. पण ‘जास्त अंक म्हणजे लहान संख्या’ असं मानणारं मूल या जोडीत सुटतं आणि पहिल्या जोडीत सापडतं. म्हणून दोन्ही जोड्या ठेवायच्या, शेजारी ‘कशावरून?’ला दोन ओळी सोडायच्या.

भाषेत मी नामं गाळणं बंद केलं, उभयान्वयी अव्यय गाळते. ‘त्याला ताप होता, ___ तो खेळायला आला.’ इथे ‘म्हणून’ की ‘तरीही’, हे ठरवायला अख्खं वाक्य समजावं लागतं.

विज्ञानात कृतीआधी अंदाजाचा रकाना हवाच. टॉर्च पेन्सिलीच्या जवळ नेली तर भिंतीवरची सावली मोठी होईल की लहान? अंदाज पेनने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही, हा माझ्या वर्गातला एकमेव कडक नियम. (सावली मोठी होते, पण बरीच मुलं उलट लिहितात, आणि त्यानंतरची चर्चा मला सगळ्यात आवडते.) इतिहासाला एकाच घटनेची दोन छोटी वर्णनं पुरतात: काय जुळतं, काय जुळत नाही, लिहिणारा तेव्हा कुठे होता?

वर्कशीट आधी स्वतः घड्याळ लावून सोडवा. मला चार मिनिटं लागली तर मी मुलांना बारा देते. सहा प्रश्न पुष्कळ झाले.

आणि तपासताना लगेच गुण देऊ नका. एकसारख्या चुकांचे कागद एकत्र ठेवा. ज्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त कागद जमतात, त्यातलंच एक गणित मी दुसऱ्या दिवशी नाव न सांगता फळ्यावर लिहिते आणि विचारते, ‘असं करणाऱ्याच्या मनात काय आलं असेल?’