अडकलेलं पिनियन योक आणि जीपचा क्रॉस

रावेरहून केळी भरून येताना जीपच्या शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणारा दांडा) जॉइंट खडखडू लागला. खोलला तर क्रॉसच्या (जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) एका वाटीत, म्हणजे टोकावरच्या बेअरिंगच्या टोपीत, ग्रीसऐवजी नुसती तांबडी भुकटी! पिनियनचं (एक्सलमधलं, शाफ्टने फिरणारं दातेरी चाक) ऑइल सीलही गळत होतं. नटावर खूण करून नट काढला, पण योक (पिनियनवर बसणारा, क्रॉस धरणारा दुबेळका) हलेना. शेजारचे मिस्तरी म्हणाले, "घण नको घालू भो, बेअरिंग जाईल." रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी पुलर (ओढून काढायचं हत्यार) ताणला, त्याच्या बोल्टच्या डोक्यावर एक ठोका, टण्णकन सुटलं.

"जीपचा क्रॉस द्या" म्हणून आणलेला बसलाच नाही. म्हणून आधी व्हर्निअरने (बारीक माप घ्यायची पट्टी) वाटीचा व्यास, समोरासमोरच्या वाट्यांमधलं बाहेरून बाहेर अंतर मोजा. वाटी अडकवून ठेवणारं लॉक आतून आहे की बाहेरून, तेही बघा. शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवले. नट खुणेवर आणला. आता थरथर नाही.