सोयाबीनचा वाण ‘प्रतिकारक’ म्हणण्याआधी

वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सीला आलात आणि सर्कोस्पोरा किकुची ही बुरशी वाट्याला आली, तर पानांच्या आणि दाण्यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. पानावर करपा आणणारी आणि दाणा जांभळा करणारी बुरशी एकच, म्हणून एका नोंदीत भागेल असं वाटतं. भागत नाही. पानं बरी असलेल्या वाणाचे दाणेही जांभळे निघतात. पीआय ८०८३७ या वाणात जांभळ्या दाण्याला रोखणारा एकच प्रभावी जनुक सापडला आहे. पण त्यावरून पानांबद्दल काही गृहीत धरू नका.

पानांची घाई नको. दाणे भरू लागले की शेंड्याकडची, उन्हातली पानं तांबूस-जांभळी आणि चामड्यासारखी होतात, कारण बुरशीचं सर्कोस्पोरिन हे विष उजेडातच काम करतं. तांबेरा हा पानांवरचा वेगळा रोग मात्र बहुधा खालच्या पानांवरून वर चढतो, आणि त्याच्या पुळ्या पानाच्या मागच्या बाजूला असतात. त्यामुळे पान उलटून पाहिल्याशिवाय स्कोअर लिहू नका. रोगाची तीव्रता मोजणाऱ्या ० ते ९ च्या मोजपट्टीत ३ आणि ५ मध्ये नवख्यांची हमखास गल्लत होते. एका ब्लॉकचे स्कोअर एकाच माणसाने, एकाच दिवशी द्यावेत.

खरा घोळ लवकर येणाऱ्या वाणांचा. जेएस ९५-६० सारखा वाण जेएस ३३५ च्या आधी निघतो. मग परतीच्या पावसात उभ्या राहिलेल्या वाणाचे दाणे जांभळे आणि याचे स्वच्छ. ही प्रतिकारकता नव्हे, तो रोगातून नुसता सुटला. म्हणून तुलना एकाच कालावधीच्या वाणांत करा, पेरण्या दोन-तीन टप्प्यांत घ्या आणि प्रत्येक प्लॉटची फुलोरा-पक्वतेची तारीख लिहा. बहुतेक प्रबंधांत नेमका हाच रकाना रिकामा असतो!

दाणे मोजताना मोझॅकपासून सावध. त्या विषाणूमुळेही नाभीपासून (दाणा शेंगेला जोडलेला असतो त्या खुणेपासून) पसरलेले डाग येतात, पण ते नाभीच्याच तपकिरी किंवा काळ्या रंगाचे असतात. शिवाय डाग नसलेल्या दाण्यातही बुरशी असू शकते, त्यामुळे ४०० दाण्यांची ब्लॉटर टेस्ट (ओल्या टिपकागदावर दाणे ठेवून बुरशी उगवते का ते पाहणं) टाळू नका. पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर) या बुरशी वाढवायच्या माध्यमावर ही बुरशी बीजाणू फारसे देत नाही, तेव्हा प्लेट रिकामी दिसली म्हणून लगेच फेकू नका; खालून पाहिलं तर अनेकदा लालसर झाक सापडते.