नवा पीसी सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

घरी असेंबल केलेला पीसी बंद पडायला लागला की मला फोन येतो, आणि त्यातलं एक वाक्य ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारून पाहिलं, तरी तसंच." कधी बंद पडतो, निळी स्क्रीन येते की एकदम काळोख होतो, पंखे फिरत राहतात की तेही थांबतात, असं विचारलं की पलीकडे शांतता. बघितलंच नाही. विंडोज मात्र पुन्हा टाकून झालं.

फॉरमॅट मारायची खाज

पाचसात वर्षं वापरलेल्या, कचरा साठलेल्या मशीनवर फॉरमॅटने फरक पडतो. काल विंडोज टाकलेल्या मशीनवर पुसायला आहे काय? उलट रॅम चुका करत असेल तर विंडोजच्या सेटअपमधल्या सगळ्या फाइल्स त्याच चुकणाऱ्या रॅममधून उलगडून एसएसडीवर जातात. म्हणजे आधी फक्त हार्डवेअरचा घोळ होता, आता त्यात मोडक्या फाइल्सची भर. त्यातून कुणी तिसऱ्याच माणसाने कापूनकुपून बनवलेलं 'लाइट' विंडोज टाकलं असेल, तर मी ते मशीन उघडतसुद्धा नाही. आधी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून खरं विंडोज उतरवा, मग बोलू.

फॉरमॅटऐवजी पहिलं काम हे करा. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, तिथल्या 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची खूण काढा. म्हणजे निळी स्क्रीन (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती काळी झालीय) आली की टिकून राहील आणि खालचा कोड वाचता येईल. मग विंडोजमधली नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की पोरं लगेच "एसएमपीएस गेला" (पीसीला वीज पुरवणारा डबा) म्हणून मोकळी होतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तुम्हालाही माहीत होतं. कामाची गोष्ट त्या नोंदीच्या तपशिलात असते: बगचेक कोड, म्हणजे विंडोज का कोसळलं त्याचा आकडा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाच वेळ मिळाला नाही. वीज तुटली असेल, मशीन जागीच गोठलं असेल किंवा कुणी पॉवरचं बटण दाबून धरलं असेल. शून्य नसेल तर विंडोज फोल्डरमधल्या 'मिनिडम्प'मध्ये क्रॅशची फाइल पडलेली असते. ती ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या प्रोग्रामात उघडा. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर ड्रायव्हरकडे बघा. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट', परवा तिसरंच काही, असं असेल तर माझा हात सरळ रॅमकडे जातो.

रॅम: खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

डीडीआर५ रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं असतं. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हे वेगाचं तयार प्रोफाइल चालू केलं की तो वेग मिळतो, आणि व्हिडिओ बघून आलेला प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटांत ते चालू करतो. ते ओव्हरक्लॉकिंग आहे, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं, हे कुणी सांगत नाही. रायझन ७००० प्रोसेसरचा एएमडीने दिलेला अधिकृत वेग रॅमच्या दोन काड्यांना ५२००, आणि चार काड्या लावल्या तर चक्क ३६००. बरेच प्रोसेसर ६००० आरामात चालवतात. पण तुमचा त्यातला असेलच, असं कुठे लिहून दिलेलं नाही.

तेव्हा मशीन पडत असेल तर प्रोफाइल बंद करा, रॅम साध्या वेगावर येऊ द्या आणि दोन दिवस वापरा. क्रॅश थांबले तर निम्मं काम झालं. मग बायॉस अपडेट करून पुन्हा चालू करून बघा, किंवा वेग एक पायरी खाली घ्या. गेममध्ये पाच फ्रेम कमी मिळाल्याने कुणाचं काही अडत नाही.

"आधी १६ जीबीचं एक किट घेतलं, महिन्याने तेच दुसरं आणलं" हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि चार काड्यांचा भार मेमरी कंट्रोलरवर (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागावर) येतो तो येतोच. ३२ लागणार असेल तर ३२ चं एकच किट घ्या. दोन काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा, मॅन्युअलमध्ये तेच चित्र असतं.

तपासायला पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकतो आणि रात्रभर चालू ठेवतो. विंडोजमधल्या मेमरी डायग्नोस्टिकने पास केलेल्या काड्या यात नापास होताना मी पाहिल्यात. एक फेरी झाली आणि चूक दाखवणारी लाल ओळ दिसली नाही, की मंडळी "रॅम ओके" म्हणून उठतात. झोपा ना रात्रभर, कुठे जायचंय? लाल ओळ एकच आली तरी ती नापासच. नंतर एकेक काडी सुटी लावून तपासा.

आणि डीडीआर५ च्या मशीनने पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवली तर बटण दाबून बंद करू नका. ते मेमरी ट्रेनिंग करत असतं, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतं.

वीज, म्हणजे ज्याकडे कुणीच बघत नाही

डोंबिवलीत एका ओळखीच्यांच्या मुलाचा पीसी संध्याकाळी गेम खेळताना पडायचा. निळी स्क्रीन नाही, काही नाही. खटकन काळोख आणि मशीन पुन्हा चालू. मुलाने विंडोज पुन्हा पुन्हा टाकलं होतं, रॅम बदलून आणली होती, ग्राफिक्स कार्ड वॉरंटीला पाठवायची तयारी चालली होती. "काका, कार्डच खराब आहे, सेम प्रॉब्लेमचा व्हिडिओ बघितलाय मी." दुपारी मी तेच कार्ड स्ट्रेस टेस्टवर तापवत ठेवलं, काही झालं नाही. चहा घेऊन आलेली त्याची आई म्हणाली, "अहो, सोसायटीची मोटर लागली की याचा कम्प्युटर जातो. मी कधीची सांगतेय, ऐकतंय कोण?"

टेबलाखाली, पायपुसण्याच्या मागे, यूपीएस. वर ठळक अक्षरात ६०० व्हीए आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात ३६० वॅट. त्यावर पीसी, मॉनिटर आणि राउटर. आरटीएक्स ४०७० सुपर एकटं २२० वॅट घेतं, प्रोसेसरचे शंभरच्या वर धरा, मॉनिटर वेगळा. एरवी यूपीएस भिंतीतली वीज तशीच पुढे सोडत असल्याने निभावत होतं. सात वाजता पाण्याची मोटर लागली, दिवे किंचित मंदावले, यूपीएसमधला रिले टक् वाजला आणि भार बॅटरीवर गेला. गेम चालू होता, त्या बॅटरीला तो भार झेपणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पीसी आणि मॉनिटर भिंतीच्या सॉकेटवर घेतले, यूपीएसवर फक्त राउटर ठेवला. मोटर लागली, रिले वाजला, गेम चालूच. आई काही बोलली नाही, नुसती मुलाकडे बघत राहिली.

यूपीएस घेताना व्हीए सोडा, वॅट वाचा. परवडत असेल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतात आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचायची सोय) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. पूर्ण लोडवर एसएमपीएस विजेविना जेमतेम १५-२० मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडवरचा इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो.

जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर इलेक्ट्रिशियन बोलवा. टू-पिन कन्व्हर्टर लावून काम भागवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. कॅबिनेटसोबत फुकट आलेला '४५० वॅट'चा एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाला लावू नका. आणि जुन्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलींच्या) एसएमपीएसच्या केबली नव्याला लावायच्या नाहीत, कंपनी तीच असली तरी. केबलीच्या एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांना कुठलंही समान मानक नाही. प्लग बसतो, आणि ड्राइव्ह जळतात.

बाकीच्या, थोडक्यात

कूलरखालचं प्लॅस्टिक काढलंय का बघा. हसू नका, अजूनही सापडतं.

कूलरचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. एकीकडून करकचून आवळले की कधीकधी एका बाजूची रॅमच मशीनला दिसेनाशी होते.

रायझन ७००० पूर्ण भारावर ९५ अंशांना गेला म्हणून घाबरू नका, तो तसाच बनवलाय.

ग्राफिक्स कार्डाला विजेचे दोन ८-पिन प्लग लागत असतील तर दोन वेगळ्या केबली ओढा, एकाच केबलीची शेपटी नको.

'ड्रायव्हर अपडेटर' नावाचं काहीही टाकू नका. चिपसेटचा ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा प्रोसेसरच्या कंपनीकडून घ्या, कार्डाचा कार्डाच्या कंपनीकडून. कार्ड बदललं असेल तर आधी सेफ मोडमध्ये डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) जुना ड्रायव्हर पुसा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच दुपारी रॅम हलवली, बायॉस टाकलं, केबल बदलली, ड्रायव्हर बदलला आणि क्रॅश थांबले, तर कशाने थांबले ते कुणालाच कळत नाही, आणि महिन्याने पुन्हा सुरू झाले की पुन्हा शून्यापासून. मी मदरबोर्डच्या खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूने पेन्सिलने तारीख आणि बदल लिहितो. खोकं मशीनसोबत घरातच राहतं, त्यामुळे वही शोधावी लागत नाही.

इंटेल १३ वी-१४ वी पिढी असेल तर

इथे चूक तुमची नसेलही. या पिढ्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरपैकी ६५ वॅट आणि त्यावरच्या बऱ्याच मॉडेलांत जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट आले, ते बायॉसमधून मिळतात. गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतानाच क्रॅश, किंवा कार्डावर भरपूर जागा असूनही 'व्हिडिओ मेमरी संपली' असा मेसेज, ही त्याची ओळखीची लक्षणं. बायॉस ताबडतोब अपडेट करा, पण एकदा खराब झालेली चिप अपडेटने बरी होत नाही. सेकंडहँड घेतलेल्या चिपबाबत तर हा संशय आधी घ्या. खोक्यातल्या रिटेल प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवलीय, म्हणजे तीनाची पाच. तेव्हा दुकानदार "वॉरंटी संपली" म्हणाला तरी बिल आणि सीरियल नंबर घेऊन इंटेलकडे थेट अर्ज करा.