एका फुलामागे चालत राहा

दादर पश्चिमेच्या फूलबाजारात पहाटे कॅमेरा घेऊन गेलं, की दिसेल ते टिपायचा मोह होतो. घरी येऊन बघावं तर फोटो दोनशे, पण गोष्ट एकही नाही. म्हणून निघतानाच एक धागा ठरवा. समजा, झेंडू. गोणीतून ओतला जाणारा, तराजूत चढणारा, सुईत ओवला जाणारा आणि शेवटी लोकलमध्ये कुणाच्या तरी पिशवीतून डोकावणारा.

दर टप्प्यावर एक फोटो दुरून घ्या, गल्ली दिसेल असा. मग माणूस आणि त्याचं काम. मग अगदी जवळून. हा जवळचा फोटो बहुतेकजण विसरतात आणि माझ्या मते गोष्टीत जीव तोच आणतो: ओला दोरा, पाकळ्यांनी पिवळी झालेली बोटं.

ओवणारे हात फार भरभर चालतात, त्यामुळे शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० झाला तरी चालेल. त्याने फोटोत येणारे बारीक दाणे खपून जातात, हललेली बोटं नाही. उजाडताना बल्बचा पिवळा आणि आकाशाचा निळा उजेड मिसळतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर असेल तर झेंडू प्रत्येक फोटोत वेगळाच दिसतो. म्हणून व्हाइट बॅलन्स ४५०० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचं एकक) आसपास पक्का करा.

चेहरा टिपण्याआधी मात्र विचारा, "मावशी, एक फोटो काढू का?" समोर गिऱ्हाईक असेल तर थांबा. जमलं तर पाव किलो फुलंही घ्या.

घरी आल्यावर सहा-सातच फोटो ठेवा.